हाक मारून येणारी वैनी

"येव?"

एवढंच म्हणायची आणि थांबायची. सिग्नल लावलेला, आत टिक टिक चाललेलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि मान उजव्या खांद्यावरून मागे वळलेली. येऊ का, असं ती विचारत असायची. कोणाला, तर हायवेवरच्या समस्त वाहनांना. काचा बंद. मागून येणारा ट्रकवाला कर्नाटकातला नाहीतर राजस्थानातला. त्याला आमची भाषा कळायचं काही कारण नाही, आणि कळत असली तरी ऐकू कशी जाणार? पण ही सवय लागल्यापासून विचारल्याशिवाय वैनीनं लेन बदललेली मी कधी पाहिली नाही.

मागच्या सीटवर बसून मी चेष्टा करायची. "वैनी, तो यो म्हणालो. मी आयकलंय."

ती आरशातून माझ्याकडे बघायची. "तू गप बस. हाक मारल्याबरोबर कोण कोणाच्या घरात घुसता?"

तुम्ही पेडण्याकडच्या कुठल्या गावात राहिला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे दारं दिवसभर उघडी असतात, पण उघडं दार म्हणजे आत या असा अर्थ नव्हे. अंगणात उभं राहायचं आणि हाक मारायची, "येव गे?" आतून "यो" आलं की पायरी चढायची. नाही आलं तर उभं राहायचं. आत कोणी केस विंचरत असेल, कोणी जेवायला बसलं असेल. ही साधी रीत वैनीनं उचलून हायवेवर नेऊन ठेवली. ती तिथे का न्यावी लागली हे सांगायचं तर भाऊंपासून सुरुवात करायला हवी.

भाऊ म्हणजे तिचा नवरा. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर, धारगळात. उभा जन्म त्यांनी ट्रक चालवला. डिचोलीच्या खाणीवरची माती भरायची आणि आमोण्याच्या धक्क्यावर बार्जीत, म्हणजे मालाच्या सपाट होडीत, रिकामी करायची. मोसमात डिचोलीलाच खोली घेऊन राहायचे, सुटीला घरी यायचे तेव्हा धुतलेल्या शर्टालासुद्धा लाल छटा असायची. वैनी वाळपईची. ती म्हणायची, "माझ्या लग्नातली पांढरी चादर होती मगे, ती पयल्या मोसमातच तांबडी झाली." खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, भाऊ घरी आले. एकुलता मुलगा बोटीवर कामाला. सुटीवर आला असताना त्यानं एक लहानशी गाडी घेऊन दारात लावली आणि तो परत बोटीवर गेला. ती गाडी भाऊ चालवायचे, आणि ट्रकातून उतरून तीत बसताना त्यांचा जरा अपमानच व्हायचा.

मग भाऊंना झटका आला. डावं अंग गेलं. बोलणं राहिलं, पण जड झालं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं.

आठवड्यातून दोनदा त्यांना म्हापशाला व्यायामाला न्यायचं होतं. बसची पायरी चढणं शक्य नव्हतं. दुसऱ्याच्या गाडीत बसायला भाऊ तयार नव्हते. उचलून कोंबल्यासारखं वाटतं म्हणायचे. तेव्हा वैनीनं, जिनं तोवर स्कूटरचं हँडलही धरलं नव्हतं, ड्रायव्हिंग शिकायचं ठरवलं. गावात हसणारे हसले. मी पण हसले असेन. लायसन्सपुरतं तिला म्हापशाच्या एका मास्तरानं शिकवलं. बाकीचं सगळं शिकवलं भाऊंनी, शेजारच्या सीटवर बसून.

मी म्हापशाला एका औषधांच्या दुकानात काम करते. त्यांच्या आणि माझ्या वेळा जुळायच्या, म्हणून वैनी मला मागे घ्यायची. त्यामुळे ही सगळी शिकवणी मी मागच्या सीटवरून ऐकलेली आहे. "क्लच सोड." "गियर बदल." "तेका हॉर्न दी." भाऊंचा शब्द जड होता, तरी गाडीत बसले की हुकूम सोडताना जीभ बऱ्यापैकी वळायची. आणि वैनी सांगितलेलं सगळं करायची. कोंबडीचा रस्सा कसा करायचा हे तिला सांगायची कोणाची टाप नव्हती, पण गाडीत भाऊ म्हणतील ती पूर्व दिशा.

व्यायाम घेणारी मुलगी कोल्हापूरकडची होती. बारीक चणीची, पण हात असा की भाऊंसारखा माणूस कळवळायचा. तिनं वैनीला एक गोष्ट बजावून सांगितली होती. "मावशी, त्यांना डावीकडं बघायला लावा. डोळे चांगलेत त्यांचे. पण डोकं डावी बाजू धरतच नाही. हे सुटलं नाही तर हातपण सुटायचा नाही."

ते खरं होतं. भाऊ जेवून उठले की ताटात डाव्या बाजूचा भात तसाच असायचा, कोणी दोरी मारून वाटणी केल्यासारखा. उजव्या गालाची दाढी गुळगुळीत आणि डाव्या गालावर खुंट. वैनी म्हणायची, "अर्धो नवरो माझो, अर्धो कोणाचो काय म्हायत." हसत म्हणायची, पण ताट फिरवून ठेवायची, राहिलेला भात उजवीकडे यावा म्हणून. तेवढं केलं की ते खायचे. पण ताट फिरवता येतं, जग कसं फिरवणार? डावीकडून कोणी बोललं तरी ते उजवीकडेच शोधायचे.

आता त्या दिवसाचं सांगते.

आम्ही म्हापशाकडे चाललो होतो. कोलवाळचा पूल यायचा होता. एका टेम्पोला मागे टाकून वैनी उजव्या लेनमध्ये आली होती आणि तिथेच राहिली होती. मागून एक गाडी आली आणि लाइट मारायला लागली. वैनी बावरली. भाऊ म्हणाले, "तेका घाई आसा. उजवो सिग्नल दी. जाव दी तेका." वैनीनं उजवा सिग्नल दिला आणि त्याला वाट मोकळी करून द्यावी म्हणून गाडी डावीकडे घ्यायला लागली. नेमकी पुढे दुभाजकाला वळायची फट होती. मागच्याला वाटलं, ही बाई उजवीकडे वळतेय. तो आमच्या डावीकडून पुढे निघाला.

त्याचे ब्रेक किंचाळले. आमचा डावा आरसा फुटून उडाला. ती गाडी रस्त्याखालच्या लाल मातीत जाऊन थांबली आणि आमची तिच्यापुढे थोड्या अंतरावर. कोणाला खरचटलंही नाही. पण मी मागून पाहिलं होतं, ती गाडी भाऊंच्या खांद्याला घासूनच गेली म्हणायची, आणि भाऊ समोर बघत होते. त्यांना ती दिसलीच नव्हती. आरसा फुटल्याचा आवाज आला तेव्हा ते वळले, आणि वळले ते वैनीकडे, उजवीकडे.

त्या गाडीतून एक तरुण मुलगा उतरला. विमानतळावर कामाला असावा, गळ्यात ओळखपत्र होतं. मला वाटलं आता हा शिव्या देणार. पण त्यानं आधी वैनीला पाण्याची बाटली दिली. मग म्हणाला, "काकी, सिग्नल दिलात उजवो आणि इलात डावीकडे. मी काय समजाचा?"

वैनीनं भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "आमच्यात... उजवो म्हणजे... यो."

त्या पोराला काही कळलं नाही. मला कळलं, कारण माझा मामा डिचोलीचा. खाणीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग असायची. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, आणि ट्रकाच्या मागे अडकलेल्या मोटरसायकलवाल्याला पुढचं काही दिसायचं नाही. ट्रक ड्रायव्हर उंच बसलेला. पुढे मोकळं दिसलं की तो उजवा सिग्नल द्यायचा. म्हणजे, माझ्या उजवीकडून ये, मी बघितलंय, कोणी नाही. त्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर विश्वास ठेवून अख्खा तालुका ट्रकांना ओलांडून जायचा. भाऊंनी असा किती जणांना रस्ता दाखवला असेल. त्यात एकालाही कधी साधा ओरखडा आला नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. हायवेवर तोच दिवा म्हणतो, मी येतोय. एकच दिवा, तिथे तो "या" म्हणायचा आणि इथे "येतो" म्हणतो. भाऊ खाणीच्या रस्त्यावर होते आणि गाडी हायवेवर होती.

त्यानंतर भाऊंनी गाडीत बसणं सोडलं.

मी त्यांच्या गोळ्या द्यायला गेले होते तेव्हा हा विषय निघाला. भाऊ बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, सोप्याच्या बाकावर बसलेले. वैनी समजावत होती, आज व्यायामाचा दिवस आहे, ती मुलगी वाट बघत असेल.

"मी येणंय नाय," भाऊ म्हणाले.

"कित्याक?"

"माझा तोंड गप रवणा नाय. मी सांगतलंय. आणि तू करतलंस." थोडं थांबून म्हणाले, "तुका मारून टाकतलंय मी."

वैनी उठून आत गेली. मी गोळ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि निघाले. खरंच होतं ते. आयुष्यभर ट्रक चालवलेल्या माणसानं शेजारी बसून गप राहायचं म्हणजे कठीण. आणि नवऱ्यानं सांगितलेलं वैनीनं ऐकायचं नाही, हे त्याहून कठीण.

व्यायाम बंद पडला. थोड्याच दिवसांत भाऊंच्या डाव्या हाताची मूठ मिटायला लागली. बोटं आत वळली ती उघडेनात. वैनी कोमट पाण्यानं एकेक बोट सोडवायची, तळवा धुवायची आणि कपड्याची गुंडाळी करून मुठीत द्यायची, नखं रुतू नयेत म्हणून. त्या कोल्हापूरच्या मुलीनं फोनवर सांगितलं, असंच महिनाभर राहिलं तर मग मी काही करू शकणार नाही. बोटीवरून मुलाचा फोन आला, गाडी विकून टाकतो म्हणाला. वैनी म्हणाली, "विक. पयलो घरी ये, बापायचो हात बघ, आणि मगे विक." त्यानं पुन्हा गाडीचा विषय काढला नाही.

रविवारी सकाळी वैनी माझ्या अंगणात उभी. हातात गाडीची चावी. "चल," म्हणाली. "आणि पुढे बस."

नवीन आरसा बसवून घेतला होता. आधी आम्ही हायवेच्या कडेच्या सर्व्हिस रोडवर फिरलो. तिथे सगळं ठीक होतं. मग हायवेवर आलो. डाव्या लेनमध्ये, एका सिमेंटच्या ट्रकामागे, ती मुकाट्यानं चालवत राहिली. ट्रक चढावावर रांगायला लागला. त्याला ओलांडायला उजवीकडे जायला हवं होतं. तिनं सिग्नल दिला आणि ती थिजली. टिक टिक चाललंय आणि गाडी आहे तिथेच. उजवीकडून टुरिस्टांच्या गाड्या सूं सूं जात होत्या. मी म्हटलं, "वैनी, राहू दे, परत जाऊया." तिच्या कानापर्यंत माझं पोचलंच नाही. ती मागे मान वळवून बघत होती, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "येव?"

तिचं तिलाच कळलं नसावं. सवयीनं आलं तोंडात. मागून एक टेम्पो येत होता, त्यानं वेग कमी केला आणि एकदा लाइट मारला.

"यो म्हणालो," वैनी म्हणाली, आणि गालातल्या गालात हसली. पण लगेच गेली नाही. "तो यो म्हणता गे, पण तेच्या मागून कोण धावत येता तां कोणी बघूचा?" पुन्हा मान वळवून बघितलं, मग हळूच उजवीकडे सरकली. ट्रक मागे पडला. तिनं सिग्नल बंद केला आणि टेम्पोवाल्यासाठी हात वर केला.

त्या सकाळी परत येईपर्यंत तिची सगळी भाषाच तयार झाली. सिग्नल म्हणजे अंगणातली हाक. हाक मारली म्हणजे आत शिरायचा हक्क मिळाला असं नाही. ट्रकांची सलग रांग चाललेली असली की म्हणायची, "पंगत बसली आसा. उठांदी." आणि आपल्या जागी शांत राहायची. डावीकडच्या टोकाला जायचं असेल तरी एकदम आडवी घुसायची नाही. "चवथीत गणपती बघूक कशी जातंस? एका घरात जायचा, वायच बसायचा, मगे दुसऱ्या घराच्या अंगणात हाक मारायची. एकदम तिसऱ्या घरात उडी मारतंस काय?" लेन बदलून झाल्यावर माझ्यासारखीचा सिग्नल चालू राहिला की म्हणायची, "आत इलंस मगे. आता हाक कित्याक मारतंस?"

माझ्यासारखीचा म्हणाले, कारण पुढे तिनं मलाही शिकवलं. पण ते नंतर.

घरी आल्यावर ती सरळ भाऊंसमोर जाऊन उभी राहिली. मला थांबायला सांगितलं होतं, साक्षीदार म्हणून की आधार म्हणून, कोण जाणे.

"माका डावीकडचा दिसणा नाय," ती म्हणाली. "आरसो फुटलो तेव्हापासून भीती बसली."

"दिसणा नाय... तर चालवू नको."

"तर मगे तुमी बघा. सिग्नल मी दितलंय. तो तुमचो नाय, माझो. मी 'येव?' म्हणून विचारतलंय. तुमी डावीकडे मागे बघायचा, आणि 'रव' नाय तर 'यो' म्हणायचा. तिसरो शब्द नाय."

रव म्हणजे थांब. भाऊ विचारात पडले. चहा आला, थंड झाला. मग त्यांनी विचारलं, "आणि उजवीकडचा?"

"तां माका दिसता."

मी खाली मान घालून बसले होते. डावीकडचं दिसत नाही म्हणे. हीच बाई सकाळी गाडी चालवताना डाव्या बाजूच्या झाडाखाली बसलेली मासळीवाली ओळखून, तिच्याकडे आज बांगडे ताजे नाहीत असं मला सांगत होती. पण भाऊंसमोर मी तोंड उघडलं नाही.

मंगळवारी भाऊ गाडीत बसले.

पहिले काही दिवस म्हणजे नुसती सर्कस. उजवीकडे जायचं असलं की वैनी आपली आपण विचारायची आणि जायची. डावीकडे यायचं असलं की भाऊंचं उत्तर यायला हवं. त्यांची मान निघायची, समोरच्या काचेपर्यंत यायची आणि अडायची. "डावीकडे," वैनी म्हणायची. मान आणखी थोडी सरकायची. चेहऱ्यावर घाम यायचा. त्या आखडलेल्या खांद्यावरून मागे बघणं म्हणजे त्यांच्यासाठी डोंगर चढणं होतं. सिग्नल टिक टिक करत राहायचा, आणि "यो" येईपर्यंत म्हापशाचा फाटा मागे पडलेला असायचा. मग पुढे जाऊन कुठून तरी वळून यायचं. दुकानात माझ्या मालकाचं तोंड वाकडं. मी वैनीला म्हटलं, "अगे, मला तरी आधी सोड." ती म्हणाली, "चुकलो तर पुढून वळून येवया. वाट खंय पळून जाता?"

एकदा भाऊ व्यायामाला आत गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "मी आधीच बघतंय गे. मान वळवून बघतंय, मगेच तेंका विचारतंय. तू काय समजलंस, मी तेंच्या भरवशावर गाडी घालतंय? पण तेंका सांगू नको."

"म्हणजे तू उगाच थांबतेस?"

"उगाच कशी? तेंनी डावीकडे बघूक नको?"

ती भाऊंची मान वळवत होती, दुसरं काही नाही. हायवेवर, शंभर गाड्यांच्या मध्ये, नवऱ्याचा व्यायाम घेत होती. मला तिचा रागही आला आणि तिला मिठी मारावी असंही वाटलं. मिठी वगैरे आमच्यात मारत नाहीत, म्हणून मी तिला उंडे, ते आमचे गोल पाव, घेऊन दिले.

मग तो स्कूटरचा दिवस. पुलाच्या अलीकडे वैनी उजव्या लेनमध्ये होती. डावीकडे यायचं होतं. तिनं आरसा पाहिला, मान वळवून पाहिलं, आणि सवयीनं विचारलं, "येव?" मीही मागून पाहिलं होतं, रस्ता मोकळा होता. वैनीचे हात स्टिअरिंगवर वळायला लागलेसुद्धा होते, कारण आता भाऊंचं "यो" पटकन यायचं.

"रव," भाऊ म्हणाले.

ती जागच्या जागी राहिली. आमच्या मागच्या दाराजवळून, जिथे आरशात काही दिसत नाही तिथून, एक स्कूटर पुढे आली. बाजूच्या गल्लीतून हायवेवर चढली असावी. चालवणारी बाई, मागे शाळेचा गणवेश घातलेली मुलगी, मुलीच्या पाठीवर दप्तर. दोघी आमच्या डाव्या अंगानं रमत गमत पुढे निघून गेल्या. आपल्या बाजूला काय घडता घडता राहिलं याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्या मुलीनं वळून आमच्या गाडीत डोकावलं देखील.

"आता यो," भाऊ म्हणाले.

वैनीनं गाडी डावीकडे घेतली आणि पूल ओलांडून कडेला उभी केली. भाऊंना वाटलं गाडीला काही झालं. ते विचारत राहिले, काय झालं, काय झालं. ती म्हणाली, "काय नाय. माका डावीकडचा दिसणा नाय म्हणून सांगितलंय मगे, तां खराच आसा."

भाऊंनी मान हलवली, हे तर त्यांना कधीचंच ठाऊक होतं अशा थाटात.

दुसऱ्या दिवशी वैनी कुंपणाशी आली. म्हणाली, "काल जेवले ते. सगळो भात. ताट फिरवूक लागला नाय." एवढं सांगून परत गेली. तिचे डोळे भरलेले होते. मी कढईतलं ढवळायचं विसरले आणि कांदा करपला.

पुढे सगळं अंगवळणी पडलं. भाऊंचा हात पूर्ण काही सुटला नाही, पण मूठ उघडली. पेला धरण्याइतकी उघडली. दाढी दोन्ही गालांवर सारखी व्हायला लागली. मी वैनीकडून गाडी शिकले, लायसन्स काढलं. मला शिकवताना ती मागच्या सीटवर बसायची, भाऊ त्यांच्या जागी पुढे डावीकडे. मी "येव?" म्हणायला लाजायची. दोघंही मला ओरडायचे. कधी कधी परतताना वैनी चालवत असायची, भाऊ पेंगत असायचे, आणि तिच्या तोंडून "येव?" निघालं की डोळे न उघडताच त्यांची मान डावीकडे वळायची, मग डोळे उघडायचे. मला फार गंमत वाटायची. लग्नाला इतकी वर्षं झालेली माणसं एवढ्यातेवढ्यावर एकमेकांना विचारून चालली होती.

वैनी गेल्या चवथीनंतर गेली. दुपारी भाऊंना जेवण वाढलं, जरा पाठ टेकते म्हणाली आणि उठलीच नाही. हायवेनं तिचं काही वाकडं केलं नाही. छातीनं दगा दिला. भाऊ उजवीकडे तिला हाका मारत बसले होते. ती डावीकडच्या खोलीत होती.

मुलगा आला, होता तेवढे दिवस राहिला. स्वयंपाकाला एक बाई ठेवून दिली. बोटीवर परतायच्या आधी माझ्याकडे आला आणि गाडीच्या चावीशी चाळा करत म्हणाला, "ताई, बाबांना व्यायामाला..." मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. चावी घेतली.

पहिल्या मंगळवारी भाऊंना गाडीत बसवलं. उजवा गाल गुळगुळीत होता, डाव्यावर पांढरे खुंट. डाव्या हाताची मूठ मांडीवर मिटलेली. मी पट्टा लावून दिला. ते उजवीकडे बघत होते, माझ्याकडे नव्हे, मी बसले होते त्या जागेकडे. धारगळ गेलं, पूल गेला. एका ट्रकाला ओलांडून मी उजव्या लेनमध्ये आले होते, आणि आता म्हापशाच्या फाट्यासाठी डावीकडे जायचं होतं.

मी सिग्नल दिला. आरशात पाहिलं. मान वळवून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, दूरपर्यंत रस्ता रिकामा. "येव?" म्हणायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. तो शब्द तिचा होता. मी कसा म्हणणार? टिक टिक चाललेलं.

त्या टिक टिकनं भाऊंची मान हलली. उजवीकडून निघाली, समोरच्या काचेशी अडली, मग सावकाश त्या आखडलेल्या खांद्यावरून पार मागे गेली.

"रव," भाऊ म्हणाले.

मी पुन्हा पाहिलं. रस्ता मोकळाच होता. तरी मी थांबले. भाऊंची नजर मागच्या कशावर तरी लागली होती. ती हळूहळू आमच्या बाजूला आली, त्यांच्या खिडकीशी आली, थोडा वेळ तिथे राहिली आणि मग घरच्या माणसाला पोचवायला जावी तशी पुढे, लांब, रस्त्याबरोबर निघून गेली. मला समोरचं धूसर दिसायला लागलं होतं. मी डोळे पुसले आणि सिग्नल तसाच चालू ठेवला.

"आता यो," ते म्हणाले.

तोवर म्हापशाचा फाटा मागे राहिला होता. पुढून वळून यावं लागलं.